गाळलेलं ऊन

विश्रामबाग, सांगली
बुधवार, ९ नोव्हेंबर १९९४

रा. रा. देवदत्तपंत यांस,
सांगलीच्या मेहुण्याचा सप्रेम आणि (या खेपेला) ताठ मानेनं नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल आहोत. साताऱ्यात थंडी पडली असेल, गुडघ्यांना जपा. तुमची ताई बरी आहे. तात्यांची तब्येत उत्तम (तुमचे वडील असले तरी माझे सासरे आहेत, हे ते मला विसरू देत नाहीत). माझ्या चहात साखर जास्त पडते, हे त्यांनी कालच मला ऐकवलं. आणि आता मुद्द्याचं: फूल आलं! एक नाही, चांगला गुच्छ आला, जांभळा, प्रत्येक फुलात पिवळा ठिपका. उन्हाळ्यात मुंजीच्या पंगतीत ती आफ्रिकन व्हायोलेटची कुंडी माझ्या हातात देताना तुम्ही सगळ्यांदेखत म्हणाला होता, "भाऊजी, गणपतीला तात्या तुमच्याकडे येतील. दिवाळीनंतर त्यांना न्यायला येईन, तोवर फूल दिसलं नाही तर कुंडीही परत नेईन." पंगत हसली होती. तुमची ताईसुद्धा हसली होती (ती नाही म्हणते, पण मी पाहिलं). तेव्हापासून मला जिलबी गोड लागलेली नाही.

या रोपाला ऊन नको पण उजेड हवा, एवढंच तुम्ही सांगितलंत. नक्की किती, ते सांगितलं नाहीत (मुद्दाम, असा माझा संशय आहे). मी पाटबंधारे खात्यात उभी हयात काढलेला माणूस. पाणी किती सोडायचं ते विचारा, झोपेत सांगेन, पण उजेडाला दार कुठं असतं? आधी कुंडी हॉलच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवली, तर पानं पापडासारखी भाजली. मग आत शोकेसवर ठेवली, तर देठ लांबत गेले आणि सगळं रोप माना काढून खिडकीकडं बघायला लागलं. मग दिवसभर ट्यूबलाइट चालू ठेवली. लाइटचं बिल आल्यावर तुमची ताई जे बोलली ते या पत्रात मावणार नाही. शेवटी गॅलरीत तिचा आरसा तिरका लावला, म्हणजे उजेड तिथून शोकेसवर यावा. वारा आला, आरसा फिरला आणि ऊन थेट समोरच्या भाऊसोंच्या स्वयंपाकघरात. भाऊसोंचं कुपवाडला वर्कशॉप आहे आणि मनगटही तसंच आहे. ते जिना चढून आले. "आवं साहेब, ह्या वयात आमच्या मंडळींवर आरसा मारताय व्हय?" मी घाईघाईनं कुंडी पुढं केली. त्यांनी ती चारी बाजूंनी न्याहाळली. "ह्यात फूल कुठं हाय? नुसता पाला हाय की! निवडा आन् भाजी करा."

पण मी हटलो नाही. कुंडी परत त्याच खिडकीपाशी स्टुलावर आणली आणि रोपाला ऊन गाळून द्यायला लागलो. पद्धत लिहून ठेवा, तुमच्याही उपयोगी पडेल. जुनं, विरविरीत, पांढरं सुती कापड सूर्य वर यायच्या आधी खिडकीवर आतून ओलंच पसरायचं, ऊन खिडकीतून सरकलं की काढून घ्यायचं, आणि कुंडीला मुळीच हात लावायचा नाही. गणपतीपासून हे चाललं आहे. दसऱ्यानंतर कळ्या दिसल्या आणि पाडव्याला सकाळी पहिलं फूल उमललं. मला इतका आनंद झाला की ओवाळणीचं ताट धरून उभी असलेली तुमची ताई मला दिसलीच नाही. भाऊसो सहकुटुंब येऊन बघून गेले, "लय भारी की ओ!" म्हणाले, आणि ज्यांच्या डोळ्यांत ऊन गेलं होतं त्या त्यांच्या मंडळींनी लावायला एक पान मागून नेलं. आता गल्लीत मला फुलवाले साहेब म्हणतात. अहो, सबंध नोकरीत मला कुणी काही म्हटलं नव्हतं.

तेव्हा रविवारी या आणि डोळे भरून बघा. तुमची ताई जिलबी करणार आहे. मी पोटभर खाणार आहे.

तुमचा विजयी भाऊजी,
नरहरी

ता. क. कापड कुठलं, असं विचाराल. ते तात्यांचं सोवळ्याचं धोतर. गणपतीला आल्यापासून ते रोज पहाटे धुऊन काठीनं खिडकीवरच्या दोरीवर घालतात, आणि वाळून त्यांनी काढेपर्यंत तिकडं फिरकायची कुणाची टाप नाही. मी कुंडी हलवायला निघालो की "शिवू नका!" अशी आरोळी येई, म्हणून कुंडी तिथंच राहिली. मागच्या पत्रात मी याच धोतराच्या थेंबांबद्दल आणि पहाटेच्या स्तोत्रांबद्दल तक्रार करून 'दिवाळी संपताच तात्यांना घेऊन जा' असं लिहिलं होतं. तो मजकूर रद्द समजावा.

आणखी ता. क. धोतर ठेवून घ्या आणि तात्यांना पाठवा, असं म्हणाल. करून पाहिलं. मध्ये तात्या मिरजेला भाचीकडं गेले होते, तेव्हा मी माझं लग्नातलं धोतर लावलं. ते निघालं जाड, आणि मी उठलो उन्हं वर आल्यावर. दोन पानं गेली. धोतर वेळेवर लागायला तात्याच लागतात. तेव्हा रविवारी येताना त्यांची ट्रंक घेऊन या आणि जाताना रिकाम्या हातांनी जा.

शेवटचं. पत्र तुमच्या ताईनं वाचलं. आधी खूप हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "माझ्या वडिलांना ठेवून घ्यायला तुम्हाला फूल यावं लागलं!" तात्यांना अजून काही सांगितलेलं नाही. आत्ता ते कुंडीपाशी उभे होते. म्हणाले, "जावईबापू, याला फुलं कधीपर्यंत येतात?" मी म्हटलं, "उजेड बेताचा मिळाला तर बारा महिने." तात्या काठीनं वर दाखवत म्हणाले, "दोरी जुनी झालीय. नवी बांधून घ्या."