आधी डावीकडे बघ

प्रिय सोन्या,

तुझं पत्र पोचलं. तिसरी शिकलेली बाई मी, वाचायला दोन दिवस लागले, पण मजकूर एकच: तू आम्हाला परदेशी तुझ्याकडं बोलावलंस आणि तिथल्या रस्त्यावर आजोबांचा पाय तुझ्यामुळे गेला, म्हणून तू गाडीची किल्ली ठेवून दिलीस आणि कामाला पायी जातोस. खुळा आहेस.

इथं झकास चाललंय. माझं वजन वाढलंय. पूर्वी यांचं जेवण होईपर्यंत मी ताटाला हात लावत नसे. आता मी आधी जेवते, गरम गरम. हे आतून हाका मारतात. मारू देत, घसा तेवढा शाबूत आहे. संध्याकाळी चाकांच्या खुर्चीतून फिरवून आणते. जन्मभर यांच्या मागेच चालले, आताही मागेच, पण वळायचं कुठं ते मी ठरवते. उतारावर जरा हात सैल सोडते. तीस वर्षं बस चालवलेला माणूस कसा चिरकतो, ऐकायला हवास तू.

तिकडं गाड्या उलट्या बाजूनं का, ते तू भाजी चिरता चिरता सांगितलं होतंस, मला पाठ आहे. जुन्या काळी स्वार म्हणे डाव्या अंगानं जायचे, समोरच्यावर उजव्या हातानं तलवार चालवता यावी म्हणून. काही मुलखांत चार-सहा घोड्यांच्या गाड्या. हाकणारा डावीकडच्या घोड्यावर, उजव्या हातात चाबूक. समोरच्या गाडीला चाक घासत नाही ना ते दिसावं, म्हणून ते उजवीकडून जायला लागले. म्हणजे मारायचा हात मोकळा राहावा, यावरून जगाचे रस्ते ठरले. मला विचारलं असतंस तर मीही सांगितलं असतं. लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून मी यांच्या मागून, डाव्या अंगानंच चालते.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. तू मला बजावलं होतंस, "आजी, इथं आधी डावीकडे बघायचं. आजोबांना तूच सांग, माझं ऐकणार नाहीत." मी हो म्हटलं, आणि सांगितलं नाही. त्या सकाळी हे सवयीनं उजवीकडे बघून रस्त्यात उतरले. मी डावीकडे बघितलं. कुणाची तरी पांढरी गाडी येत होती, पण अजून लांब होती, हाक मारायला वेळ होता. मी चष्मा काढून पुसायला घेतला. तेव्हा तू आपली किल्ली बाहेर काढ. आणि आजोबांची माफी मागायची असेल तर खुशाल लिही, पत्रं मीच फोडते.

तुझीच, दोन्ही पाय धड असलेली,
आजी