भिंतीवरचा तेलाचा डाग

रविवार, संध्याकाळ

बायांच्या चित्राच्या क्लासात आज मॅडम म्हणे, घर, फूल काही काढायचं नाही, फक्त रंगातून आपली जागा दाखवा. मी कागदाले चुन्यासारखा पांढरा रंग फासला आन मधात बोटानं खोबरेल तेल चोळलं.

"काकू, हे काय होय?" बाजूच्या पोरीनं इचारलं.

"माह्या सुनेचा राग."

सगळ्या हासल्या. मॅडम म्हणे, तेल पसरत जाईन. म्हनलं, पसरू द्या.

खरं कोनाले सांगू? सेक्टर १० मधल्या कंपनीच्या क्वार्टरात आमचे हे ड्यूटीवरून आले का खुर्चीत बसून भिंतीले डोकं टेकवत. तिथं डोक्याच्या तेलाचा डाग पडला होता. त्या डागापायी मी तीस वर्सं भांडली. हे गेले, क्वार्टर साफ करून वापस द्या लागलं, तवा मीच त्या डागावर चुना मारला. एक दिवस थांबली असती तं? कावून एवढी घाई केली मी?

घरी येऊन चित्र टांगलं, खाली यांची खुर्ची सरकवली.

पोरगा म्हणे, "आई, बहुत खाली लावलं."

"असू दे," म्हनलं. "बसल्यावर बरोबर येते."