ओढ्यापलीकडचा ऊस

४ सप्टें.
ड्रोन उडवायच्या परवानगीचा अर्ज तिसऱ्यांदा परत. जागा अस्पष्ट, म्हणे. चुलतसासऱ्यांच्या, तात्यांच्या उसावर तांबेरा पडलाय. ऊस डोक्यावर गेला, पाठीवरचा पंप घेऊन आत शिरता येत नाही. ड्रोननंच फवारायला हवं, आणि विमानतळ हाकेवर. नकाशात ओढ्याच्या अलीकडे पिवळा पट्टा, तिथं परवानगीनं उडवता येतं. पलीकडे लाल. तिथं नावच काढायचं नाही. एवढं घासून पायलटचं लायसन काढलं, ते काय भिंतीवर लावायला?

६ सप्टें.
तात्यांनी सातबारा दिला. गट नंबरवरून चारी कोपरे टिपले. पिवळ्यात! सुटले. अर्ज पाठवला.

११ सप्टें.
मिळाली!! १३ ला, सकाळी ७ ते ९. उडवण्याआधी विमानतळाच्या टॉवरला फोन, उतरल्यावर फोन. गल्लीतल्या पाचजणी लगेच दारात. "तुजं जमलं की आमचं बी रान घे." यांनी पेढे आणले.

१३ सप्टें.
तात्यांनी गाडीवरून वरच्या वाटेनं नेलं, ओढा कुठं दिसलाच नाही. दोन्ही बाजूंना नुसता ऊस. त्यांच्या मागून बांधानं फिरत ड्रोनला कोपरे दाखवले. "ह्योच की माजा ऊस. मार बिनधास्त." पावणेनऊला संपवलं. मधे एक विमान फार खालून गेलं. उतरल्यावर फोन केला, टॉवर म्हणाला, "ठीक आहे मॅडम."
संध्याकाळी ड्रोनचा लॉग, उड्डाणाची नोंद, उघडला. सगळ्या रेघा ओढ्यापलीकडे. लालमध्ये.


१४ सप्टें.
तात्यांना गाठलं. "व्हय की. थोरल्या दादाची हीर अलीकडं, माजी पलीकडं. म्हणून रानं बदलून घेतली, वीस वर्सं झाली. कागद कशाला? भाऊ हाय न्हवं?"
सगळ्या गावाला ठाऊक. मला लग्नाला आठ वर्षं झाली, कुणी बोललं नाही. पण कोपरे अर्जाशी ताडून बघायचे होते मी. चूक माझीच. चुलीपुढे बसून रडले.

१७ सप्टें.
विमानतळावरून मेल. उड्डाणाचा लॉग उद्यापर्यंत पाठवा.
हे म्हणतात, "खराब झाला म्हणून सांग. कोण बघतंय?" लायसन जाईल याची भीती वाटते, इथं वहीत खोटं कशाला लिहू. पाचजणींना काय तोंड दाखवू? पण ते विमान डोळ्यांपुढून हलत नाही. त्यात माणसं होती.

१८ सप्टें.
जसं घडलं तसं लिहिलं. लॉग जोडला. दहा वाजता पाठवलं. यांनी जेवताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१९ सप्टें.
उत्तर नाही. दुपारी तात्या आले, खुशीत. "नवी पानं सोच्छ हाईत बग. आता दादाच्या उसावर बी आलाय तांबेरा. अलीकडं, तुज्या कागदातल्याच जाग्यावर. कदी येतीस?"
मी चहा ठेवायला आत गेले. विमानतळाचं उत्तर येईल म्हणून फोन पदराला बांधल्यासारखा जवळच आहे.