अर्ज्याची मोट

जानेफळ,
चैत्र वद्य पंचमी, १९६३

प्रिय अर्जुना,

तुला, पुष्पाला आणि छोटीला आईचे आशीर्वाद. तुझं कार्ड पोचलं. लिहिल्यास चारच ओळी. ‘नागपूरच्या वेड्यांच्या दवाखान्यात ओळख निघाली आहे, आखाजीला जीप घेऊन येतो, तुळशीचे कपडे बांधून ठेव.’ आधीच सांगून टाकते, कपडे मी बांधलेले नाहीत. आता चिडू नकोस. तुझा नाकाच्या शेंड्यावरचा राग माझ्याकडूनच आलाय, त्यामुळे मला त्याची भीती नाही. पत्र शेवटपर्यंत वाच, मग काय आदळआपट करायची ती कर.

शेषरावाच्या मळ्यात तुझ्या भावानं, तुळशीनं, मार खाल्ला, ही बातमी तुला कुणी दिली ते मी ओळखलं. पण सांगणाऱ्यानं अर्धंच सांगितलेलं दिसतंय. सुरुवात तुझ्या पाणी उपसायच्या इंजिनापासून झाली. फाल्गुनात तू ते पाठवलंस, सगळा गाव बघायला लोटला, भगवानराव सरपंचांनी नारळ फोडला आणि मीही मिरवून घेतलं, खोटं कशाला बोलू. लसणाचे वाफे दुपारच्या आत भिजून निघाले. पण इंजिन धडधडायला लागलं तसा तुळशी कानांवर हात दाबून पळाला, तो कडब्याच्या गंजीत जाऊन बसला. त्याला आवाज सोसत नाही हे तुला माहीतच आहे. वरातीत बँड वाजेल म्हणूनच तर तुझ्या लग्नात त्याला दुसरबीडला मावशीकडे ठेवलं होतं. निदान मला तरी तू तेच कारण दिलं होतंस.

तुझे वडील तापानं पडले होते ते वर्ष आठवतं? मोट तू हाकलीस. तू शाळकरी पोर, तुळशी तुझ्याहून लहान. कुणाच्या मांडीवर न टिकणारं ते लेकरू तू उचललंस आणि मोटेच्या दोरावर, नाड्यावर, आपल्या पुढ्यात बसवलंस. बैल धावेच्या उतारावरून खाली निघाले की तू ओरडायचास, ‘हाट्ट रे राजा, अर्ज्याची मोट आली!’ वर पाणी धबाक्कन थारोळ्यात पडायचं आणि तुळशी खदखदून हसायचा. तो हसतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्याच्याजवळ स्वतःचे शब्द फार थोडे. भूक लागली की माझंच वाक्य मला ऐकवतो, ‘हात धुऊन बस.’ आणि मोटेवर बसला की तुझं. तू अकोल्याला शिकायला गेलास, ओव्हरसियर झालास, पण इकडे तुझी मोट थांबली नाही. वडील गेल्यावर हा मळा त्यानंच ओला ठेवला. ‘तुळशी म्हणजे बिनकामाचं पोर’ म्हणणारेही मग त्याची मोट सुटली की जेवणवेळ झाली समजून आपली भाकर खायला बसू लागले.

इंजिन आलं आणि आपण मोट काढून टाकली. कुणी त्याला विचारलं नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो विहिरीवर गेला. चाक काढलेलं, नाडा गुंडाळून माळ्यावर टाकलेला. तो रिकाम्या हातांनी धाव उतरला, परत वर आला, पुन्हा उतरला. ऊन डोक्यावर आलं तरी तेच. मी ओढायला गेले तर विहिरीच्या दगडावर कपाळ आपटून घ्यायला लागला. असेच दिवस गेले. जेवण तुटलं, झोप तुटली. मग एका सकाळी तो कुठं दिसेना. अर्जुना, मी आधी विहिरीत डोकावले. शेजारी विचारायच्याही आधी. आई असून माझ्या मनात पहिलं तेच आलं.

सापडला तो शेषरावाच्या मळ्यात. त्यांच्याकडे अजून मोट आहे. यानं गोठ्यातले बैल सोडले, जुंपले आणि तुझं नाव घेत मोट हाकत बसला. पहाटेच्या अंधारात शेषरावाच्या पोरांना वाटलं बैलचोर शिरला. बैल हाकायच्या पराणीनं झोडपलं. मी पोचले तेव्हा कपाळाचं रक्त डोळ्यात उतरलं होतं आणि हा नाडा सोडायला तयार नव्हता. शेषराव डोक्याला हात लावून म्हणाला, ‘बाई, मार खाऊन राह्यला तरी कोन हाय ते काऊन सांगत नाही हा?’ काय सांगणार? त्याला जे सांगता येतं ते तो ओरडतच होता.

मग चावडीवर बैठक बसली. कुणी म्हणालं साखळीनं बांधा, कुणी म्हणालं नागपूरले धाडून द्या. तेव्हा तू कार्डात नवीन काही लिहिलेलं नाहीस, ते इथे लोकांनी आधीच बोलून ठेवलंय. मी बायकांच्या बाजूला बसले होते. गावविहिरीवरचा ढोरांचा हौद मोटेनं भरणारा कचरू तुला आठवत असेल. तो आता कमरेतून वाकलाय. उन्हाळा तापलेला, हौद निम्मा रिकामा, आणि पाण्यापायी बायकांची रोज जुंपते. मी उठले आणि म्हटलं, हौद माझा तुळशी भरील. लोक हसले. कचरू मात्र म्हणाला, ‘भरू द्या ना त्याले. माह्यानं आता होत नाही.’ भगवानराव मिशी चावत म्हणाले, ‘पाहू एक डाव. जमलं त ठीक. नाही जमलं त बाई, मंग तू आडवी येऊ नको.’ मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

त्या सकाळी मी आपलेच बैल नेले, तांबडा आणि बांडा, आणि माळ्यावरचा आपलाच नाडा. बाकी सगळं परकं. विहीर परकी, धाव उलट्या तोंडाची, आणि भोवती जत्रेसारखी गर्दी. तुळशी विहिरीभोवती फिरायला लागला. हात झटकत, मान हलवत, नुसता फिरतोय. नाड्याकडे बघेना. पोरं खिदळायला लागली. भगवानरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, संपलं, आता यांच्या तोंडून शब्द निघतो. तेवढ्यात कचरू काठी आपटत पुढे झाला. ‘तमाशा हाय का बे? कोनी तोंडाकडं पाहत बसलं त तुमाले तरी भाकर जाते का? फिरा तिकडं!’ आधी वच्छलाबाई फिरली, शेषरावाचीच बायको. मग एकेक करत सगळे फिरले. अख्ख्या गावानं माझ्या लेकराकडे पाठ केली, आणि मला त्या पाठींच्या पाया पडावंसं वाटलं. मग चाक करकरलं. पाणी पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ तुझी आरोळी.

आता रोज उजाडता तो हौदावर जातो. पाणी भरून झालं की हौदाच्या कडेचं शेवाळ घासतो, इतकं की वच्छलाबाई म्हणते, ‘आमच्या घरची भांडी बी याच्याकडंच टाकतो मी.’ दुपारी तिच्याच ओसरीवर मिरच्यांची देठं खुडतो. लोकही शिकलेत. त्याला मागून हात लावायचा नाही, बैलांची बाजू बदलायची नाही, गप्प असला तर त्याला बोलता करायला जायचं नाही. बांड्याच्या पायात काटा गेला त्या दिवशी मोट थांबली आणि त्यानं पुन्हा कपाळ आपटलं, हेही तुझ्यापासून लपवत नाही. पण त्या वेळी शेषरावाच्या धाकट्यानं, ज्यानं मारलं होतं त्यानंच, आपला बैल आणून जुंपला. तुझं इंजिनही सुखात आहे. तुळशी गावात असतो तेवढ्या वेळात मी ते चालवून घेते.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, वर्षभराचे गडी म्हणजे सालदार ठरतात ते तू विसरला नसशील. सालदार चावडीवर उभा राहतो, त्याच्या घरचा बाप्या त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, ‘हा आमचा, याचं बरंवाईट आमच्यावर.’ मग सुपारी फुटते, आणि वर्षभर त्याला कुणी हलवू शकत नाही. या आखाजीला तुळशीला गावचा सालदार धरायचं ठरलंय, धान्य आणि पायताणासकट. भगवानरावांनी विचारलं, ‘जामीन कोन? बाई, तुह्यं वय झालं.’ मी तुझं नाव सांगितलं. त्यावर चावडीवर बसलेला रामराव फिस्सकन हसला. ‘अर्जुन? सरकी घेऊन गेलतो अकोल्याले, त्याच्या सासऱ्यानं मले सांगतलं, जावई मायबापाले एकुलता एक हाय म्हून.’ मी रामरावाच्या डोळ्यांत बघून म्हटलं, सासऱ्यांच्या ऐकण्यात काही घोटाळा झाला असेल.

घोटाळा झालेला नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पुष्पा पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिनं मला विचारलं होतं, ‘मोटेवरचा गडी किती वर्षांपासून आहे?’ मी तुझ्याकडे पाहिलं. तू जेवत राहिलास. मला तेव्हा फार लागलं, अर्जुना. अजून लागतं. तुला न विचारता तुझा शब्द मी चावडीवर दिलाय. तू नाही म्हणालास तर सुपारी फुटणार नाही, आणि मग भगवानरावांना हो म्हटलंय तशी मी आडवी येणार नाही, त्याचे कपडे माझ्या हातांनी बांधीन. म्हणून आखाजीला ये. जीप घेऊनच ये, मागं पुष्पाला आणि छोटीला बसव. घरी येण्याआधी गावविहिरीशी थांब. तुला लांबूनच ऐकू येईल. तो रोज सगळ्या गावादेखत तुझं नाव घेतो. तू त्याचं एकदा घे.

तुझीच, आणि त्याचीही,
आई