वालूरचा करपा

अण्णा, तुमची बुरशी अजून जिवंत आहे. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण वालूरच्या आपल्या शेतातल्या बाजरीवर करपा आणणारी ती बुरशी परभणीच्या प्रयोगशाळेत, काचेच्या नळीत, अजून नांदते आहे. नळीवर गावाचं नाव लिहिलंय. मी मनात तिला अण्णाच म्हणते.

तिथे तुम्ही एकदाच आला होतात, हातात आईने दिलेला डबा घेऊन. मी तुम्हाला समजावते आहे की करपा सगळीकडे सारखा नसतो. सोनपेठच्या बुरशीला दाद न देणारं वाण पाथरीच्या बुरशीपुढे मान टाकतं, म्हणून नवं बियाणं गावोगावच्या बुरशीपुढे उभं करून बघावं लागतं. तुमचं लक्ष मात्र रोपांच्या ट्रेकडे. "आपली कोणती?" मी दाखवली. एकूण एक रोप करपलेलं. शेजारी पाथरीच्या मामांच्या शेतातली बुरशी फवारलेली रोपं. त्यांच्यावर नुसते बारीक ठिपके. तुम्ही मिशीवरून हात फिरवलात. "पाथरीवाल्यात दमच न्हाई. लग्नापासून सांगायलोय मी."

परतताना ही बातमी तुम्ही एसटीच्या कंडक्टरलासुद्धा सांगितलीत. आठवड्याच्या आत मामा पिशवीभर करपलेली पानं घेऊन घरी हजर. "पोरी, तू मरतुकडं पान नेलतीस. हे बघ आमचं खरं!" तुम्ही दोघं स्वयंपाकघरात हमरीतुमरीवर आलात, तेव्हा भाकरी थापता थापता आई म्हणाली, "अवो, बाजरी दोघांचीबी जळाली. मिशीला पीळ कशाचा द्यायलाव?" तुम्ही ऐकलंच नाही. मला हसू आवरत नव्हतं, आणि तुमचा फार अभिमान वाटत होता. अजून वाटतो.

आता वाईट बातमी. मागच्या महिन्यात नवं वाण तपासलं. पाथरीच्या बुरशीने सगळी रोपं आडवी केली आणि आपल्या बुरशीने एका पानालाही धक्का लावला नाही. नळीतलं आयतं खाऊन बुरशी घरजावयासारखी सुस्तावते, हे आम्हाला नवं नाही. मामा अजूनही दरवर्षी ताजी पानं पाठवतात. आपल्या शेतात मात्र भाऊ आता सोयाबीन घेतो, ताजी आणू कुठून? साहेब म्हणाले, "टाकून द्या ती नळी." मी मान डोलावली.

आणि करप्याला हटकून बळी पडणाऱ्या जुन्या वाणाची थोडी रोपं लावली. जिवंत पानावर गेली की बुरशीला कधीकधी पुन्हा जोर येतो. फवारली, दमट राहावं म्हणून वरून पिशवी बांधली, आणि रोज डोकावत राहिले. काहीच नाही. मला रडू यायचं बाकी होतं. आज सकाळी खालच्या पानावर एक ठिपका दिसला, मधे राखाडी, कडेला तपकिरी. करपा हटवण्याचा पगार घेणारी मी त्या पानाला म्हणाले, "शाब्बास, अण्णा."

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून सांगते. पाथरी जिंकल्याचं मी मामांना अजून कळवलेलं नाही. काल त्यांचा फोन आला होता; तपासणी चालू आहे, असं मी त्यांना सांगितलं.