एकट्या माणसांची जत्रा

प्रिय जवाहर यास नानासोचा जय जिनेंद्र.

पत्र लिहिण्यास कारण की, तुझ्या-माझ्या दारात एक गल्ली आणि एक तुंबलेलं गटार एवढंच अंतर असलं, तरी तू फोन उचलत नाहीस आणि कडी वाजवली की आतून "आंघोळीला बसलोय" म्हणतोस. (दुपारी, संध्याकाळी, बाजाराच्या दिवशी तर दोनदा. एवढं आमची म्हैससुद्धा डुंबत नाही.) म्हणून हे दाराखालच्या फटीतून सरकवतो आहे. तब्येत बरी असावी. खोकला उतरलेला दिसतो, आता दुकानात कमी ऐकू येतो. आमच्याकडे सर्व खुशाल.

आता आमच्या धाकट्या लेकीचं, राजनंदिनीचं. ती विश्रामबागच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकते हे तू जाणतोसच. प्रवेशाचा पहिला पेढा तुझ्या घरी येऊन गुणमालावहिनींच्याच हातावर ठेवला होता. गावातली म्हातारी माणसं किती एकटी पडलीत, यावर तिला संशोधन करायचं आहे आणि त्यावर तिची पदवी अडली आहे. मी म्हटलं, माणसं जमवणं माझ्यावर सोड. टपरीत पंपाच्या जळक्या मोटारी नवी तार गुंडाळून भरत बसलो होतो, तिथून आजचं दुकान उभं केलं ते माणसं जमवूनच. देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं की, ज्यांना एकटं वाटतं त्यांनी सकाळी सभामंडपात यावं, चहा आहे.

गड्या, जत्रा लोटली. एकटी माणसं घोळक्यानं आली. सुभेदार लालासाहेब पत्त्यांचा अख्खा डाव घेऊन आले, पोरीपुढं बसले आणि म्हणाले, "लिव्ह, मला लय एकटं वाटतंय," आणि लगेच मागं वळून, "पानं वाट रं, आलोच." बनुबाई सुना, नातवंडं आणि शेजारीण घेऊन आली, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सगळ्यांनी मिळून दिलं. दुपारी पोरीनं कागद मिटले. म्हणाली, "आबा, बोलावल्यावर येतो तो मला नकोय. येत नाही तो हवाय."

मला पटायला आणखी एक चहा लागला. (माझ्या दुकानात जळालेल्याच मोटारी येतात, म्हणून कडेगाव तालुक्यातली प्रत्येक मोटार जळाली असं मी म्हणतो का?)

मग तिनं शास्त्राप्रमाणं केलं. साठीपुढच्या सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या घागरीत टाकायच्या, हात घालायचा, निघेल तो निघेल, त्याच्या जागी दुसरा चालणार नाही. शास्त्राला सोपं आहे. पण आपल्याकडं आवतण देताना एक उंबरा गाळला तर नातवंडांपर्यंत अबोला चालतो. बनुबाईची चिठ्ठी निघाली, ती ठेवणीतलं लुगडं नेसून नारळ घेऊन प्रश्नांना बसली. लालासाहेबांची निघाली नाही. सरहद्दीवर राहिलेल्याला गाळता आन् बनुबाई चालती व्हय, असा त्यांचा सवाल. शेवटी गाळलेल्या घरोघरी मीच जाऊन सांगितलं की, तुम्ही गाळलेले नाही, राखीव आहात. लालासाहेब आता छाती काढून फिरतात. (हे राजनंदिनीला कळू देऊ नये.)

सगळ्यांचं झालं, एकच चिठ्ठी राहिली आहे. ती तुझी. पोर दोनदा तुझ्या दारावरून परत आली. मी म्हटलं, गाळलेले तयार उभे आहेत, घाल एकाला त्याच्या जागी. ती म्हणाली, "दार न उघडणारे काकाच गाळले, तर मी काय लिहू आबा, गाव मजेत आहे?"

वहिनी गेल्यापासून तुझा रेडिओ मला ऐकू येतो, कडी वाजली की तो बंद होतो तेही ऐकू येतं. न्हाणीतलं पाणी मात्र कधी ऐकू आलं नाही.

असो. लोभ आहेच; तो वाढवायचा तर दार उघडावं लागेल.

तुझा
नानासो

ता. क. पोर उद्या सकाळी येईल. उत्तरं खरी दे. मजेत असलेली माणसं आम्ही चहा पाजून जमवलेली आहेत, तुझी त्यात भर नको.

ता. क. निवडलेल्या माणसावर दबाव आणायचा नाही असा तिचा नियम आहे, आणि हे पत्र दबावातच मोडतं. वाचून फाडून टाक. नाहीच म्हणायचं असेल तर तेही दार उघडून म्हण, शास्त्राला तेवढं चालतं.

ता. क. ती गेल्यावर मी येतो. माझी चिठ्ठी निघालेली नाही, त्यामुळं मला कुठलाही नियम लागू नाही. डबा आणतो, कांदा-बटाटा न घातलेला, दिवस मावळायच्या आत. कडी वाजवेन, तेव्हा रेडिओ चालूच राहू दे.