भागीरथेला आमंत्रण

३ एप्रिल १९५४, वर्धा

ठरलं! वैशाखात लग्न!

पाहायला आलेल्या माणसांसमोर मी म्हणे फारच बोलले. पण होणाऱ्या सासूबाई हसून नानांना म्हणाल्या, "आईविना वाढलेली पोर, आम्हाला वाटलं बुजरी असेल. ही तर केवढी मोकळी!"

ते गेल्यावर नानांना विचारलं — खरंच, मी अशी कशी झाले? नाना म्हणाले, "ती भागीरथेची कृपा. आई गेली तेव्हा तू दोन महिन्यांची. तिनं तुला पाजलं. पाच वर्षं कडेवरून खाली उतरवलं नाही."

४ एप्रिल

आठवतंय की! तिच्या कडेवर बसून अख्खा बाजार हिंडायचे. टांगेवाला, भाजीवाली, सगळ्यांशी गप्पा. कुणाची भीती वाटली की तिचा पदर मुठीत धरायचा — झालं! आजही मी शिकवते त्या शाळेत नवीन बाई आल्या की पहिली बोलते ती मीच. हे सगळं तिच्यामुळेच!

लग्नाचं आमंत्रण तिला मी स्वतः देणार. नाना नाही म्हणाले तरी!

६ एप्रिल

पत्ता मिळाला! आमच्या शाळेचे शिपाई नत्थूजी तिच्याच गावचे, कारंज्याचे. परवाची मोटार. तिच्यासाठी हिरवं लुगडं घेतलं. आज मुलींना एकच कविता दोनदा शिकवली!

८ एप्रिल, कारंजा

मोटारीत शेजारच्या, पुढच्या, मागच्या सगळ्यांना सांगून झालं, कुठे चालले ते!

भागीरथा अंगणात तूर पाखडत होती. मान वर केली, सूप तसंच टाकलं. "पद्मे! केवढी झाली वं तू!" सोळा वर्षांनी! आणि क्षणात ओळखलं! लग्नाचं सांगता सांगता मी रडायला लागले तर म्हणते, "काऊन रडून राह्यली? लगन हाय ना तुहं!" पत्रिका माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

आत चुलीपाशी एक बाई पाठमोरी बसली होती. "माही पोरगी, कौतिका. तुह्याच वयाची. सासरहून दोनदा वापस आली. कोनाशी जमतच नाई तिचं."

म्हणजे मला दूधबहीण आहे! आणि मला पत्ताच नाही! तिच्याजवळ जाऊन बसले, खूप बोलले. ती भाकरी थापत राहिली. असू दे. तिलाही लग्नाला नेणारच!

९ एप्रिल

सकाळी विहिरीवर कौतिका आपणहून बोलली. "मी तीन महिन्याची होती. मले आजीपाशी ठेवून माय तुमाले पाजाले गेली. पाच वर्सांनं वापस आली, तं मी तिले मावशी म्हनो."

मग बादली खाली ठेवली. "माय तुमाले कशी निजवे?"

मी सांगितलं — उलटी बोटं, कपाळावरून कानामागे, हळूहळू.

तिनं ओली बोटं स्वतःच्याच कपाळावरून फिरवून पाहिली. म्हणाली, "अशी?"